पावण्यांसमोर स्पॅनिश

मंडळी, आज दुपारी आमच्याकडं पेढे वाटले. माझी पणती शाळेत स्पॅनिशमध्ये पहिली आली.

घरी आलेले पावणे तिला म्हणाले, "बोलून दाखव की थोडं!" ती उभी राहून घडाघडा बोलली. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. माझे हात काही उचलले गेले नाहीत.

पन्नास सालच्या आसपास शाहूपुरीतल्या माहेरच्या घरी मीही अशीच उभी होते. मॅट्रिकच्या वर्गात संस्कृतात पहिली आलेली. मलकापूरचे पावणे मला बघायला आले होते. वडील म्हणाले, "म्हण की गं एक श्लोक." हातातलं पोह्यांचं ताट तसंच धरून मी म्हटला. होणारे सासरे म्हणाले, "पोरगी हुशार हाय. पसंत हाय."

परीक्षेआधीच लग्न उरकलं. मॅट्रिकला मी बसलेच नाही. तेव्हा रडू आलं नाही, आजही आलं नाही.

पणतीला एवढंच विचारलं, "परीक्षा कधी हाय तुझी?"

"मार्चमध्ये."

"मग जा, अभ्यासाला बस."

पावणे हसले. ती आत जाईपर्यंत मी बघत राहिले.

तुमच्या आजीला एकदा विचारा, शाळेत तिला काय चांगलं येत होतं. आणि ते तिनं शेवटचं कुणासमोर करून दाखवलं?