पडद्याची भिंत

आमचे शेजारी गोविंदअण्णा परवा गेले. कुणाच्याही गाडीपाशी गेले की अण्णा आधी वाकून हँडब्रेक ओढलाय का ते बघायचे. माझ्या लग्नात वरातीच्या गाडीलाही त्यांनी सोडलं नव्हतं. ही खोड त्यांना नोकरीने लावली. हुबळी-धारवाड रस्त्यालगत पूर्वी एक ड्राइव्ह-इन थिएटर होतं. गाडीत बसून उघड्यावर सिनेमा बघायचा. पांढरा रंग दिलेली एक उंच दगडी भिंत हाच पडदा. अण्णा तिथे मॅनेजर. आसपासच्या खेड्यांतून ट्रॅक्टर भरून माणसं यायची. अण्णा ते ट्रॅक्टर मागच्या उंचवट्यावर लावून द्यायचे आणि मग सिनेमा संपेपर्यंत पडद्याकडे पाठ करून गाड्यांवर नजर ठेवायचे. त्यांनी एकही सिनेमा धड बघितला नाही. "एखादी घसरली म्हणजे?" हा त्यांचा कायमचा प्रश्न.

थिएटर बंद पडलं. तिकीटघराचा पत्रा भंगारात गेला, उंचवट्यांवर गाजरगवत माजलं. उरली ती पडद्याची भिंत. तिच्या सावलीत पोरं क्रिकेट खेळू लागली आणि अण्णांची झोप उडाली, कारण भिंतीला तडा गेला होता. त्यांनी तड्यावर खळीने कागदाची आडवी पट्टी चिकटवली. ती फाटली तर तडा वाढतोय असं समजायचं. रोज सकाळी फिरायला म्हणून निघायचे आणि पट्टी बघून यायचे.

त्याच सुमारास आम्ही काही जणांनी ती भिंत जपायचं मनावर घेतलं. आमचं लहानपण तिच्यासमोर गेलेलं. नवा रंग देऊ, दिवे लावू, असे बेत चालले होते. अण्णा सगळ्यांच्या पुढे असतील हे मी धरूनच चाललो होतो. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"भिंत तुम्ही जपाल की. खालची पोरं कोण जपणार रे?"

मला राग आला. म्हातारा उगीच जिवाला घोर लावून घेतो, असं मी घरी बोललोसुद्धा.

मग एका सकाळी पट्टी फाटलेली निघाली. भिंत पाडा म्हणून अण्णांनी थिएटरच्या मालकाच्या मुलांना फोन करकरून भंडावून सोडलं. जेसीबी येईपर्यंत स्वतः उन्हात खुर्ची टाकून बसले. पोरांच्या शिव्या खाल्ल्या, पण एकालाही भिंतीजवळ फिरकू दिलं नाही.

जेसीबी आला तेव्हा मी अण्णांबरोबर लांब उभा होतो. भिंत हलता हलेना. दुपार टळल्यावर कुठे ती कोसळली. ड्रायव्हर खाली उतरला आणि घाम पुसत म्हणाला, "भाळ गट्टी इत्री, अण्णा." फार मजबूत होती म्हणे. तडा नुसता वरच्या गिलाव्याला होता, आतला दगड शाबूत होता. भिंत आणखी एक पिढी सहज उभी राहिली असती.

ज्या जागेत अण्णांनी उमेदीची वर्षं काढली, तिची शेवटची खूण त्यांच्याच हट्टापायी विनाकारण गेली होती. मला त्यांच्याकडे बघवेना. त्यांनी ड्रायव्हरला कन्नडमध्ये पुन्हा विचारलं, खरंच मजबूत होती का. त्याने मान डोलावली. तसे अण्णा तिथेच मातीत बसले. डोळे भरून आले होते, पण इतका निवांत चेहरा मी त्यांचा कधी पाहिला नव्हता.

"म्हणजे इतके दिवस पोरांना काही धोका नव्हता बघ," ते म्हणाले.