अम्मीला ‘आई’ म्हणा म्हणे!

मंडळी, डोकं अजून तापलेलं हाय, म्हणून लगेच लिहून राहिले.

माझ्या ब्लॉगवर अम्मीच्या हातची तहारी, म्हणजे आमचा मसालेदार भात, लोकांना लई आवडते. म्हणून एका मसाला कंपनीनं स्वतःहून व्हिडिओ मागितला. आज दुपारी अहमदपूरच्या आमच्या घरी शूटिंग होतं. अम्मी सकाळपासून नवी ओढणी घेऊन तयार.

तेवढ्यात कंपनीची जाहिरात बघणाऱ्या पीआर एजन्सीच्या मॅडमचा पुण्याहून फोन आला.

"ताई, छोटासा बदल. व्हिडिओत अम्मी नको, आई म्हणा. आणि डोक्यावरची ओढणी काढता येईल का त्यांना? घरगुती मराठी लूक हवाय."

"मॅडम, आमचं घर असंच हाय. आणि आम्ही मराठीच हाव."

"मला कळतंय हो, पण क्लायंटला नाही चालणार."

"मग मलाही न्हाई चालत," म्हणून मी फोन ठेवला.

अम्मीनं विचारलं, "काय म्हणली गं ती?"

खरं सांगायची हिंमत झाली न्हाई. "शूटिंग रद्द झालं," एवढंच म्हणाले.

"बिचारीला काही अडचण आली असंल," अम्मी म्हणाली, आणि मला जेवायला वाढलं.

सांगा, तुम्ही काय सांगितलं असतं तिला?