मळवट भरून लेफ्ट बॅक

आमच्या इथल्या मराठी मंडळाच्या हळदीकुंकवाला आई माझी ओळख करून द्यायला लागली की मी हळूच समोशांच्या टेबलाकडे सरकते. "ही प्रोफेशनल फुटबॉल खेळायची," ती एखाद्या नव्या काकूंना सांगते. काकू आधी माझ्या चेहऱ्याकडे बघतात, मग पोटाकडे. "अगंबाई, मग सुटलं कसं?" त्या विचारतात. आई मान खाली घालून म्हणते, "माझ्यामुळं."

यातला 'प्रोफेशनल' हा शब्द खरा आहे. आज मी शॉमबर्गला एका अमेरिकन विमा कंपनीत बसून लोकांच्या ठोकलेल्या गाड्यांचे फोटो बघते, पण त्याआधी एक अख्खा सीझन मला फुटबॉलसाठी पगार मिळत होता. बायकांची नवी लीग निघाली होती, संघ जास्त आणि खेळाडू कमी अशी वेळ होती, आणि वासरांत लंगडी गाय शहाणी या न्यायाने माझी निवड झाली. जागा लेफ्ट बॅकची, म्हणजे डाव्या बाजूने येणाऱ्यांना अडवायचं. प्रत्यक्षात मी बाक अडवून बसायचे. वॉर्मअप मात्र माझ्याइतका सुंदर कुणी करत नसे. प्रेक्षकांत आलेल्या एका आजोबांनी तर त्यावर भाळून माझी सही घेतली होती, आणि मग सामनाभर ते मला मैदानात शोधत राहिले.

सीझनच्या शेवटच्या सामन्याआधी आमच्या कोचबाईंनी मला बोलावलं. या वेळी तू सुरुवातीपासून खेळशील, म्हणाल्या, आणि पुढच्या वर्षीचं आपण सामन्यानंतर बोलू. मला तो करार हवा होता. इतका हवा होता की त्या रात्री मी स्वयंपाकघरात ओट्याला धरून एकटीच उड्या मारल्या.

आईला फोन केला. आई मूळची कोल्हापूरची. तिच्या माहेरच्या गल्लीत पोरं फुटबॉलवरून एकमेकांची डोकी फोडायची, त्यामुळे या खेळाबद्दल तिचं मत तेव्हाच बनलं होतं. माझा एकही सामना तिने पाहिला नव्हता. "गुडघे सांभाळ" एवढाच तिचा आशीर्वाद असायचा. पण या वेळी ती म्हणाली, "येते मी."

आणि आली. स्टेडियमच्या पार्किंग लॉटमध्ये गाडीच्या डिकीवर ताम्हण मांडून उभी होती. "आई, सगळे बघतायत यार," मी म्हटलं. "बघू देत. सरळ उभी राहा." वाऱ्याने निरांजन काही पेटेना, तेव्हा तिने तसंच ओवाळलं. मग अंबाबाईचं कुंकू लावलं, ते उडालं. पुन्हा लावलं, अर्धं माझ्या पापण्यांवर. शेवटी निरांजनातल्या तुपात कुंकू कालवून तिने माझ्या कपाळाला या कानापासून त्या कानापर्यंत मळवट भरला. "देवीचं आहे. मॅच संपेपर्यंत पुसू नकोस बरं."

आता तूप उन्हात काय करतं हे कोल्हापूरच्या बाईला आणि तिच्या मुलीला माहीत असायला हरकत नव्हती. दोघींनाही सुचलं नाही. मैत्रिणींना मळवट फार आवडला. मीही आरशात बघून जरा छाती फुगवली.

भर ऑगस्टातली दुपार होती. सामना सुरू झाला आणि थोड्याच वेळात मळवट वितळायला लागला. आधी भुवया, मग नाक, मग हनुवटीवरून थेट पांढऱ्या जर्सीवर. समोरून चेंडू घेऊन येणारी मुलगी मला बघून किंचाळली आणि चेंडू सोडून बाजूला झाली. माझ्या कारकिर्दीतला हा सर्वांत यशस्वी बचाव.

रेफरींनी शिट्टी मारली. रक्त वाहणाऱ्या खेळाडूला मैदानात राहता येत नाही. "हे रक्त नाही," मी म्हटलं. असं म्हणणारे त्यांनी पुष्कळ पाहिले असावेत. "बाहेर," ते म्हणाले. डॉक्टरीणबाई ओल्या कापडाने पुसू लागल्या, तसं कुंकू आणखीच पसरलं. डागाळलेली जर्सी चालणार नव्हती आणि माझ्या नंबरची दुसरी नव्हती. आई जिने उतरून कठड्यापाशी आली आणि सगळ्या स्टेडियमला मराठीत सांगू लागली, "अहो, कुंकू आहे ते! कुंकू!" तेवढ्यात माझ्या रिकाम्या डाव्या बाजूने समोरच्या संघाने गोल केला.

शेवटी रेफरींच्या परवानगीने बाकावरच्या कुणाची तरी जर्सी घालून, तांबड्या तोंडाने मी परत गेले. त्यानंतर मघाशी किंचाळलेल्या त्याच मुलीने मला असं मागे टाकलं की मी पोचेपर्यंत त्यांचं मिठ्या मारणंही उरकलं होतं. हा दुसरा गोल मात्र संपूर्णपणे माझा. त्यात देवीचा काही संबंध नव्हता.

सामन्यानंतर कोचबाई माझ्या शेजारी बसल्या. करार होणार नव्हता. "त्या लाल रंगामुळे नाही," त्या म्हणाल्या. "आमचं आधीच ठरलं होतं. तू मनापासून खेळतेस, पण तू हळू आहेस. एकदा तरी तुला सुरुवातीपासून खेळवावं, एवढंच वाटत होतं." बाई भल्या होत्या. त्यामुळे चिडताही येईना.

आई गाडीत ताम्हण मांडीवर घेऊन बसली होती. मी तिला सगळं सांगितलं, शब्दन्‌शब्द. कुंकवाचा दोष नाही, मीच कमी पडले, त्यांचं आधीच ठरलं होतं.

"त्यांना काय कळतंय," ती म्हणाली. "तू कशाला कमी पडशील? मीच तूप घातलं."

मी पुन्हा समजावलं. तिने पदराने माझ्या कानामागचं राहिलेलं कुंकू पुसायला घेतलं. "तूप घालायला नको होतं," ती पुटपुटत राहिली. तेव्हा मला रडू फुटलं, आणि तिला वाटलं मी करारासाठी रडतेय.

त्यानंतर मी बरीच वर्षं तिची समजूत काढत राहिले. मुलगी कमी पडली हे मान्य करण्यापेक्षा सगळा दोष तिला स्वतःच्या पदरात हवा होता, आणि तो ती कुणाला देईना. मागच्या हळदीकुंकवाला एका काकूंनी तेच विचारलं, तेव्हा आईच्या आधी मीच म्हणाले, "हो काकू, आईनं तूप घातलं. नाहीतर मला कोण अडवणार होतं?"

आईने समाधानाने मान हलवली आणि माझ्या ताटलीत आणखी एक समोसा ठेवला.