चौदा कॅसेटींची पेटी

खून पाहिले, दरोडे पाहिले, दंगलीत डोक्यावर दगडही खाल्ला. त्यातलं निम्मं आता विसरलो. पण कॅसेटींच्या पेटीची केस मात्र काल घडल्यासारखी लक्षात आहे. नातेवाइकांत मी ती सांगायला लागलो की आधी सगळे हसतात. हसू देत. शेवटपर्यंत ऐकणारा माणूस नंतर हसत नाही, हा माझा अनुभव आहे.

निवृत्तीला तीन वर्षं राहिली होती. सोलापूर शहरात, पूर्व भागातल्या एका पोलीस ठाण्याचा मी प्रभारी होतो. आजूबाजूला सगळी यंत्रमागाची वस्ती. टॉवेल आणि चादरीचे कारखाने, दिवसभर मागांची खडखड, घराघरांत तेलुगू आणि मराठी एकाच वाक्यात. मला ती वस्ती परकी नव्हती. माझे वडील गिरणीत जॉबर, म्हणजे मागांवरचे मुकादम होते, त्यामुळे कापडाच्या धंद्यातलं मला कोणी काही शिकवायचं कारण नाही, असा माझा समज होता.

सोमवारची सकाळ होती. हजेरी संपवून मी केबिनकडे निघालो तर ठाणे अंमलदाराच्या टेबलासमोर एक जोडपं उभं होतं. माणूस पन्नाशीचा, गळ्याभोवती पांढरा रुमाल, हातात छोटी वही. बोलत होती ती बायको.

"कॅसेटी चोरीला गेल्यात साहेब. चौदा कॅसेटी. पेटीसकट."

अंमलदार हसू दाबत म्हणाला, "ताई, आता कॅसेटी कोण चोरतंय? भंगारवाला पण घेत नाही."

बाईंनी त्याच्याकडे असं पाहिलं की त्याने मान खाली घालून पेन शोधायला सुरुवात केली. त्या म्हणाल्या, "ह्यांचा आवाज हाय त्यात. दुसरीकडं कुटं न्हाय."

मी दोघांना केबिनमध्ये बोलावलं. हकिकत अशी होती. या गृहस्थांच्या वडिलांचा टॉवेलचा कारखाना. तरुणपणी कॉलेजातल्या चार मित्रांनी मिळून रॉक बँड काढला होता. सोलापुरात, त्या काळात, रॉक बँड! लोक त्यांना वेडे म्हणायचे. गिटार, ड्रम वगैरे सगळं कारखान्याच्या शेडमध्ये ठेवलेलं. दुपारी कामगार डबे उघडून बसले आणि माग थांबले की ही मंडळी अर्ध्या तासात गाणं बसवायची आणि टेपरेकॉर्डरवर उतरवून घ्यायची. गायक हे गृहस्थ. अशी चौदा गाणी झाली, दर गाण्याला एक कॅसेट. या डेमो कॅसेटी घेऊन कोणी मोठ्या कंपनीकडे जायचं, असं ठरत राहिलं आणि कोणी गेलं नाही. एकेकाची लग्नं झाली, बँड मोडला. गायकाने वडिलांचा कारखाना धरला आणि गाणं सोडलं ते सोडलंच.

दोन वर्षांपूर्वी घशाचा कॅन्सर निघाला. डॉक्टरांनी स्वरयंत्र काढून टाकलं. जीव वाचला, आवाज गेला.

"ऑपरेशनच्या आधी पोरगी म्हणत होती," बाई सांगत होत्या, "नान्ना, एक गाणं म्हणा, मोबाईलमध्ये घेते. हे म्हणाले, पेटीत हायत की चौदा, आत्ता कशाला. तिनं ह्यांना गाताना कदी ऐकलंच न्हाय साहेब. आता ती पुण्याला असती. तिकडं कॅसेटी कॉम्प्युटरवर घालून देतात म्हणाली. म्हणून शनिवारी हे कारखान्याच्या माळ्यावर गेले काढायला, तर पेटीच न्हाय. काल अख्खा दिवस घर आणि शेड पालथी घातली."

मी विचारलं, "पेटी कशी होती?"

"काळी, पत्र्याची. एवढी." त्यांनी हातांनी माप दाखवलं. शेजारी त्यांचे यजमान वहीत घाईघाईने काहीतरी लिहायला लागले होते. माझ्या कामाला घाई होती. मी म्हणालो, "राहू द्या, राहू द्या. ताई सांगतायत ना. वेळ वाचेल." त्यांनी पेन थांबवलं आणि वही मिटली.

"संशय कुणावर?"

बाई तयारच होत्या. "ह्यांचा गिटारवाला. कुर्डुवाडीला रेल्वेच्या वर्कशॉपात हाय. महिन्यापूर्वी दोनदा फोन आला. पुण्याची कुणी पोरं जुन्या बँडच्या गाण्यांची सीडी काढतायत, आपल्या कॅसेटी दे म्हणाला. ह्यांनी लिहून कळवलं, देणार न्हाय. त्यावर भांडण झालं. त्यानंच नेल्या."

यजमान जोरजोरात मान हलवून नाही म्हणत होते. मला ते मैत्रीपोटी वाटलं. तक्रारदाराने मित्राला पाठीशी घालणं पोलिसाला नवीन नसतं.

गुन्हा दाखल केला, माळ्याचा पंचनामा केला आणि सगळीकडे कळवलं: डेमो कॅसेटी असलेली काळी पत्र्याची पेटी. संध्याकाळच्या आत खबरही आली. कारखान्यासमोरचा चहावाला आमचा जुना माहितगार. तो म्हणाला, "शुक्रवारी एक जण मोटारसायकलवर आला होता. कुर्डुवाडीचा हाय म्हणत होता. मालकाच्या चुलत भावाशी गेटवर बोलला आणि गेला. मागं कायतरी लांबडं कापडात गुंडाळून बांधलं होतं बघा."

माझ्या हिशेबी केस सुटली होती. मी हवालदाराला सांगितलं, उद्या याला बोलवा आणि अटकेची तयारी ठेवा. आमचा हवालदार मुरलेला माणूस. तो हळूच म्हणाला, "साहेब, सरकारी नोकर हाय. अठ्ठेचाळीस तास कोठडीत गेला की निलंबन ठरलेलंच. जरा बघून करू की."

"बघायचं काय राहिलंय?" मी म्हणालो.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीने तो स्वतःच आला. उंच, केस पिकलेले, हातात जेवणाचा डबा. चौकशीची माझी एक पद्धत होती. संशयिताला समोर बसवायचं, चहा द्यायचा आणि आपण गप्प राहायचं. खोटं बोलणाऱ्याला ती शांतता सोसत नाही, तो आपणहून बडबडायला लागतो. हा पठ्ठ्या बशीत चहा ओतून निवांत प्यायला आणि गप्प बसला. दहा मिनिटं झाली, पंधरा झाली. मी मनात म्हटलं, हा तर पक्का सराईत दिसतो.

शेवटी मीच बोललो. "शुक्रवारी गाडीला काय बांधलं होतं?"

"गिटार."

"कशाला?"

"दाखवायला त्याला. महिनाभर बोलत नव्हता माझ्याशी. म्हटलं घरी जाऊन दोन सूर वाजवतो, राग जाईल. गेटवर कळलं, दवाखान्यात तपासणीला गेलाय. मग परत निघालो." त्याने बशी बाजूला सारली. "खरं सांगू का साहेब? तो घरी नाही म्हटल्यावर बरंच वाटलं. माझी गिटार वाजणार आणि तो नुसता बघत बसणार. हिंमतच झाली नसती."

"आणि डेमो कॅसेटी?"

तो एकदम चिडला. "काय डेमो डेमो लावलंय? फोनवर पण तेच! आमी कदी डेमो म्हटलंच न्हाय त्याला. कारखान्यातली पोरं आमी. सँपल म्हणायचो. पहिलं सँपल, दुसरं सँपल. पेटीवर पण तेच लिवलंय की पांढऱ्या रंगानं. मीच लिवलंय."

मी म्हणालो, "पुन्हा सांगा. पेटीवर काय लिहिलंय?"

"सँपल. एक ते चौदा."

मी कपाळाला हात लावला. ज्याने टॉवेलच्या धंद्यात एक दिवस काढलाय त्याला पुढचं सांगावं लागत नाही. सँपल म्हणजे मालाचा नमुना. नवं डिझाइन निघालं की त्याचे तुकडे व्यापाऱ्याला पाठवतात, नमुना पसंत पडला तर मागणी येते. लहानपणी माझ्या घरच्या उशांचे अभ्रे वडिलांनी आणलेल्या सँपलच्या तुकड्यांचे होते. एवढं सगळं माहीत असलेला हा जॉबरचा मुलगा दीड दिवस गावभर डेमो शोधत होता.

गिटारवाल्याला जीपमध्ये घालून मी कारखाना गाठला. गायकाचा चुलत भाऊ तिथला रोजचा व्यवहार बघायचा. त्याला मी चोरीबद्दल काही विचारलंच नाही. विचारलं, "शुक्रवारी सँपल कुठं पाठवलं?"

"सुरतेच्या व्यापाऱ्याला. का साहेब?"

"कुणी काढलं?"

त्याने कारकुनाला हाक मारली. अक्कलकोटकडचा, कानडी घरातला, नोकरीला लागून पंधरा दिवस झालेला साधा माणूस. तो म्हणाला, "हे शेठ बोलले, माळ्यावरचं सँपल सगळं पाठव. तीन पेट्या होत्या. तिन्हीवर सँपल लिहिलं होतं. मी तिन्ही पाठवल्या." चुलत भाऊ उठून ट्रान्सपोर्टची पावती शोधायला लागला. त्याच्या मते पेट्या दोनच होत्या.

ट्रान्सपोर्टच्या गोदामात फोन लावला. माल तीन दिवस तिथेच पडून होता आणि गाडी तासाभरापूर्वी पुणे रस्त्याने निघाली होती. सुरतेचा व्यापारी ती पेटी उघडणार, जुन्या कॅसेटी बघणार आणि कचऱ्यात टाकणार, हे सांगायला ज्योतिषी नको. त्या रस्त्यावरचं मोडनिंब आमच्या हद्दीत नाही, ते ग्रामीण पोलिसांकडे. पण तिथल्या चौकीचा हवालदार माझ्या हाताखालून गेलेला. त्याला गाडीचा नंबर दिला. पाऊण तासात त्याचा फोन आला.

"गाडी हितंच हाय साहेब. डायवर धाब्यावर जेवतोय."

"पेटी आहे का बघ. काळी. वर सँपल लिहिलेली."

"लई माल हाय साहेब. काढायला लागंल."

"काढ. मी येतोय."

गायक आणि त्यांच्या पत्नीला घरून घेतलं. जीपमध्ये मागे दोघे मित्र समोरासमोर बसले होते. गिटारवाला खिडकीबाहेर बघत होता. मोहोळ गाव मागे पडल्यावर गायकाने वहीत काही लिहून त्याच्यापुढे धरलं. त्याने वाचलं, "गप रे," म्हणाला आणि पुन्हा बाहेर बघू लागला. काय लिहिलं होतं ते मी विचारलं नाही.

पेटी सापडली. पत्रा उन्हाने तापलेला. धाब्याचा मालक आणि ड्रायव्हर यांना पंच करून पेटी उघडली. चौदाच्या चौदा कॅसेटी, टॉवेलच्या तुकड्यांत गुंडाळलेल्या. आता मुद्देमालाची ओळख पटवायची म्हणजे वाजवून बघायला हवं. उष्णतेने फीत बिघडली असेल अशी सगळ्यांनाच धास्ती होती. कॅसेट वाजवायचं यंत्र आणायचं कुठून? ड्रायव्हर म्हणाला, "माझ्या केबिनमध्ये हाय की. जुनी गाडी हाय साहेब, मालक नवा टेप घेऊन देत न्हाय."

पहिली कॅसेट लावली. आधी नुसती खरखर. मग गिटार, मग ड्रम, आणि मग आवाज. मला त्या संगीतातलं काही कळत नाही. पण तो आवाज ट्रकच्या केबिनमध्ये मावत नव्हता, एवढं मी छाती ठोकून सांगतो. धाब्यावर जेवणारे लोक हात तसेच ठेवून बघायला लागले. गायक ट्रकच्या पायरीवर बसला होता, डोळे मिटून. बोटांनी पत्र्यावर ताल चालू होता.

बाईंनी मुलीला फोन लावला आणि एक शब्द न बोलता तो स्पीकरसमोर धरला. गाणं चालू राहिलं. शेवटाला जेवणाची सुट्टी संपली असावी, कारण गाण्याच्या मागे एकेक माग सुरू झाला. मागांच्या खडखडीतही तो गातच होता. मग कॅसेट थांबली.

फोनमधून मुलीचा आवाज आला. "अम्मा? कोण गातंय हे?"

बाईंनी फोन नवऱ्यापुढे केला. गायकाने फोन हातात घेतला, तोंडाशी नेला आणि तसाच धरून राहिला. तेव्हा गिटारवाल्याने फोन त्याच्या हातातून काढून घेतला.

"तुझे नान्ना गातायत, पोरी," तो म्हणाला. "गिटार माझी हाय. जरा बेसूर हाय, तिकडं लक्ष देऊ नको."

पलीकडे मुलगी रडत होती आणि हसत होती.

गुन्ह्याची 'क' समरी झाली. म्हणजे तक्रार खोटी नाही, पण गुन्हा घडलेला नाही, गैरसमजातून नोंद झाली. चुलत भावाचा गैरसमज, कारकुनाचा गैरसमज, बाईंचा गैरसमज, सगळं कागदावर आलं. माझा आला नाही, कारण अहवाल मीच लिहिला होता. तो इथे लिहितो.

ठाण्यात परतल्यावर मी गिटारवाल्याची माफी मागितली. नोकरीत हे मी तीनेक वेळाच केलं असेल. तो म्हणाला, "चहा चांगला होता साहेब," आणि कुर्डुवाडीच्या गाडीच्या वेळेला निघून गेला. मग गायकाचा पुरवणी जबाब घ्यायला बसलो. तो वहीत लिहायचा, मी वाचून हवालदाराला सांगायचो. असला जबाब मी आधी कधी घेतला नव्हता, आणि घाई तर मुळीच केली नाही. शेवटी सहज म्हणून विचारलं, "काल तुम्ही काहीतरी लिहीत होतात. मी थांबवलं. काय होतं ते?"

त्याने वहीची पानं मागे उलटली आणि वही माझ्यापुढे ठेवली. सोमवारच्या पानावर अर्धवट ओळ होती: 'पेटीवर सँपल लिहि'.

त्यानंतरच्या तीन वर्षांत माझ्या ठाण्यात एक नियम होता. वस्तू हरवलेल्या माणसाला आधी विचारायचं, तुमच्या घरात तिला काय म्हणतात, आणि तोच शब्द तक्रारीत लिहायचा. आणि समोरचा माणूस लिहीत असेल, खुणा करत असेल, अडखळत असेल, तर त्याचं पुरं होईपर्यंत पेन टेबलावर ठेवायचं. नवे शिपाई कुरकुरायचे की यात वेळ जातो. मी त्यांना त्या वहीतली अर्धी ओळ सांगायचो.