मुळ्याचा रस आणि पळसाचा माणूस

“हिशेबाच्या शेवटी नुसतं पूज्य ठेवू नये, पान ओसाड दिसतं,” असं सिंधूताई एकदा म्हणाली होती. शून्याला ती पूज्यच म्हणे. अकोल्याला सासरी तशी रीत होती. कमलाकांताने तेव्हा हसून सोडून दिलं.

सिंधूताई त्याची थोरली बहीण. तिचा नवरा हेमचंद्र बारा वर्षांपूर्वी मूर्तिजापूरला जातो म्हणून अकोल्याहून निघाला आणि कुठेच पोचला नाही. प्रेत नाही, पत्र नाही. तेव्हापासून ती अमरावतीला, राजापेठेत, भावाकडे राहत होती आणि रोज सकाळी आरशाशिवाय, अगदी बिनचूक, कुंकू लावत होती. आता तिचे थोरले दीर उद्धवराव वकील मागे लागले होते. बारा वर्षं माणसाचा माग नाही, तर शास्त्राप्रमाणे पळसाच्या पानांचा देह करायचा आणि त्याला अग्नी द्यायचा. हा विधी झाला नव्हता म्हणून उद्धवरावांच्या मुलीचं लग्न अडलं होतं. ताईचं मन वळवायचं काम कमलाकांतावर आलं.

“तुझं गणित संपू दे,” ती म्हणाली. “मग येते अकोल्याला.”

कमलाकांत कॉलेजात रसायन शिकवायचा. मुळ्याच्या रसात एक एन्झाइम असतं. ते पेरॉक्साइडचा ऑक्सिजन उचलतं, उचलल्यावर स्वतःच निराळं रूप धरतं, मग तो ऑक्सिजन दुसऱ्याच्या पदरात टाकून पुन्हा होतं तसं होतं. ज्याच्या पदरात पडला ते तपकिरी पडतं. मधलं रूप हाताला लागत नाही. म्हणून सगळा प्रकार कागदावर चालवून पाहायचा. क्षणाचे बारीक तुकडे करायचे आणि दर तुकड्याला मधलं रूप किती झालं, किती विरलं, ते मांडत जायचं. मुंबईला असली गणितं विजेवर करणारं यंत्र आलं होतं. तिथे पाळी मिळवायची तर हाताने केलेलं एक गणित आधी पडताळ्याला पाठवायला हवं होतं.

त्याने कॉलेजातलं दांडी फिरवून आकडेमोड करायचं यंत्र घरी आणलं. ताई मॅट्रिक झालेली, हाताची नेटकी. “मधलं रूप शून्यावर आलं की थांब,” एवढंच त्याने सांगितलं.

वजा करता करता आकडा शून्याखाली घसरला की यंत्राच्या पोटात घंटी वाजे. मग दांडी एकदा उलटी फिरवायची. दुपारभर माजघरातून खर्र खर्र येई, आणि मध्येच एक टिंग.

“वन्सं पूजेला बसल्यासारख्या दिसतात,” त्याची बायको कुंदा म्हणाली. “देव कोणता, ते तेवढं कळत नाही.”

पौष गेला, माघ गेला. गणित सरेना. कागदावर पेरॉक्साइड केव्हाच खलास झालं होतं, तरी मधलं रूप दशांशाच्या शेवटच्या घरात एक होऊन बसलेलं. पानामागून पान, तोच एक. खायला काही नाही आणि मरतही नाही. प्रयोगशाळेत नळीतला खरा रस तर कधीच निपचित पडला होता. त्याचा रंग तसूभर पुढे जात नव्हता. कमलाकांताने समीकरणं पुन्हा मांडली. चूक दिसेना. आताशा ती पानं उलटताना तो बोट ओळीवर टेकवत नसे.

“सायेब, रोज मुये किसून राहिलो मी,” प्रयोगशाळेतला जानराव म्हणाला. “खानारं कोनी नाही, अन् मुये लागतेतच. काहून हो?”

कमलाकांताला हसू आलं नाही.

मग त्याने रस उकळला. उकळल्यावर एन्झाइम मरतं. मधलं रूप मुळी तयारच होत नाही. ताईला त्याने तेही गणित दिलं. त्यात पहिलीच ओळ शून्य यायची होती, की संपलं. संध्याकाळी कागद पाहिला. पहिल्याच ओळीत, शेवटच्या घरात, एक.

तो माजघराच्या दारात उभा राहिला. “ताई, हा एक कुठून आला?”

“मी मांडला.”

“यंत्रात काय आलं होतं?”

“पूज्य.”

“मग?”

“तुझं यंत्र चारच घरं दाखवतं, कमल. पाचव्यात कोणी बसलं असेल तर तुला कसं दिसणार?”

“उकळलेल्या रसात कोणी नसतं, ताई! ते मेलंय. मेलेल्याला तू जागवून बसली आहेस.”

शब्द तोंडातून गेले आणि दोघांनाही कळलं की ते मुळ्याबद्दल नव्हते. ताईने यंत्रावर फडकं टाकलं. पुढची आकडेमोड त्याने स्वतः केली. ती दोन दुपारींत संपली.

“चल आता,” तो म्हणाला. तिने ट्रंक भरली.

चैत्रात अकोल्याला उद्धवरावांच्या परसात देह मांडला होता. पळसाच्या पानांचं अंग, नारळाचं डोकं, वर धोतर. गुरुजी खालच्या आवाजात काही म्हणत होते. कुंदा पाण्याची वाटी घेऊन उभी होती. कुंकू पुसायचं ते तिनेच, असं ठरलं होतं.

ताई जवळ जाऊन बसली. बराच वेळ पाहिलं. मग डावा खांदा तिने थोडा खाली दाबला. हेमचंद्र लहानपणी झाडावरून पडला होता, तो खांदा कायम उतरलेला असे. मग एक पाय किंचित दुमडला. मान भिंतीकडे कलती केली, तो झोपायचा तशी. गुरुजी म्हणायचे थांबले. पानांचा ढीग तिथे राहिलाच नव्हता. दुपारचं जेवण करून कोणी लवंडलं होतं.

“उद्धवराव, उचला,” कमलाकांत कसाबसा म्हणाला. “नदीवर न्यायचंय.”

उद्धवराव वाकले, खांद्याखाली हात घातला आणि तसाच काढून घेतला.

“ऊन आहे रे अंग,” ते म्हणाले.

“उन्हात ठेवलंय म्हणून.”

“तू उचल मग.”

कमलाकांत पुढे झाला नाही. गुरुजीही झाले नाहीत. वाळत्या पानांत बारीक करकर चालू होती. कुंदाच्या हातातली वाटी कलंडली, पाणी मातीत गेलं, आणि दुसरं आणायला कोणी हललं नाही.

सिंधूताई उठली. धोतराची सुटलेली कड तिने त्याच्या पायांवर सारखी केली, पदर खांद्यावर ओढला, आणि कपाळावरच्या कुंकवासकट परसाच्या दारातून बाहेर चालती झाली.