आजारी पडा, पटकन!

आमच्या चोलोकताश गावात अकरा वर्षं एकही डॉक्टर टिकला नव्हता. होती ती बातमाएजे, दवाखान्यातली नर्स; एजे म्हणजे आमच्याकडे थोरली ताई. निम्मं गाव तिच्याच हातांवर जन्मलं, मीसुद्धा. ठेंगणी, गोल, आणि आवाज असा की पलीकडच्या कुरणातल्या घोड्यांनी कान टवकारावेत. निवृत्त व्हायच्या आधी गावाला डॉक्टर मिळवून द्यायचा, हा तिचा एकच ध्यास. तिघे येऊन गेले होते. तिघेही पहिला बर्फ पडायच्या आत पसार.

जूनमध्ये ती राजधानीत, बिश्केकच्या मेडिकल कॉलेजात गेली. नव्या डॉक्टरांना नोकऱ्या दाखवायचा दिवस होता. बाकीच्या जिल्ह्यांनी चकचकीत फलक लावलेले. हिने टेबलावर घोडीच्या आंबवलेल्या दुधाचा, कुमिसचा, बुधला ठेवला आणि येईल त्याला वाडगे भरून पाजत सुटली. आयझिरेक नावाच्या चोवीस वर्षांच्या डॉक्टर मुलीने वाडगा एका दमात रिकामा केला.

"इंटरनेट आहे का तुमच्याकडे?"

"आहे की! टेकडीवर. घोड्यावरून वीस मिनिटं."

"आणि मला घोड्यावर बसता येत नसेल तर?"

"मग चाळीस."

पोरगी खो खो हसली. एक महिना येऊन बघते म्हणाली.

आता एजेला भलतंच सुचलं. आयझिरेक यायच्या आदल्या दिवशी ती घरोघरी बजावत हिंडली, "खबरदार, कुणी दवाखान्याची पायरी चढलात तर! तुमच्या गुडघेदुखीला कंटाळूनच ते तिघे पळाले. हिला जरा रुळू द्या."

आम्ही इमानेइतबारे निरोगी राहिलो. पाचव्या दिवशी आयझिरेक बॅग भरायला लागली.

"एजे, रागावू नका. पण इथे माझी गरजच नाही कुणाला. माशा मारायला शिकले का मी एवढी वर्षं?"

एजे घरातल्या सपाता तशाच पायात घेऊन रस्त्यावर धावली. "अरे, आजारी पडा! पटकन! सगळे!"

तासाभरात ही रांग! कुणी खोकतंय, कुणी कण्हतंय. मेंढपाळ दुइशेन घोड्यावरून टुणकन उतरला आणि लंगडायला लागला. कधी डावा पाय, कधी उजवा. "जा, तुमचं पोट दुखतंय," म्हणत बायकोने मलाही ढकललं. आयझिरेकने सगळं ओळखलं. पण हसू दाबत तिने एकेकाला नीट तपासलं, आणि सोंगाखाली खरंच दुखणी निघाली. दुइशेनचे पाय ठणठणीत, पण नाडी अडखळत होती. माझ्या रक्तात साखर सापडली. शेवटी तिने एजेलाच खुर्चीत बसवलं.

"एजे! दोनशे रक्तदाब! आणि तुम्ही पळत होतात?"

"तुझ्यापायीच ना, पोरी!"

दोघी हसून हसून बेजार.

महिना भरत आला तेव्हा दुइशेनची सून अडली. बाळ पायाळू. बर्फ नव्हता, पण खिंडीत दरड कोसळलेली. तालुक्याला नेणं शक्य नव्हतं. आयझिरेक तिसऱ्यांदा हात धूत होती. एजेने त्यांवर आपले हात ठेवले. "तुला पुस्तक ठाऊक आहे, मला बाळं. चल." दुपारी बाळाने असा टाहो फोडला की अंगणातली माणसं नाचायलाच लागली.

"शहरातल्या इस्पितळात मला नवखी म्हणून दाराशी उभं राहून नुसतं बघावं लागलं असतं," आयझिरेक म्हणाली आणि एजेने कधीपासून जपून ठेवलेल्या तीन वर्षांच्या करारावर तिथेच सही केली.

एजे पायरीवर मटकन बसली. तोंड उघडलं, मिटलं, पुन्हा उघडलं. तिला शब्द सापडत नाहीत, हे मी जन्मात पहिल्यांदाच पाहिलं.