नारळाचा थांबा

मेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये म्हणतात. ज्यानं कुणी हे म्हटलं, त्याला माझ्यासारखी उन्हातान्हात रोजची पायपीट करावी लागली नसणार. माझे सासरे आता नाहीत आणि पेशकारकाका तर त्यांच्याही आधी गेले. पण त्या दोघांनी मिळून जे केलं ते मी गोड करून सांगणार नाही.

हर्सूलच्या टी पॉइंटवरून पिसादेवीच्या रस्त्याला आत गेलं की आमची कॉलनी. जमीन सासऱ्यांचीच. जिथं ज्वारी पिकायची तिथं त्यांनी प्लॉट पाडले, विकले, आणि विकूनही मालकी काही सोडली नाही. कुणी पाया खणायला घेतला की हे हजर: "इथं आमची विहीर व्हती, बघून खणा." सगळे त्यांना आबा म्हणत. आमच्यापासून दोन घरं सोडून, मेन रोडच्या बाजूला, पेशकारकाकांचं घर. ते कचेरीतून रिटायर झालेले कारकून. निजामाच्या वेळेपासून त्यांच्या घरात साहेबापुढं कागद ठेवायचं काम चालत आलेलं, म्हणून नाव तेच पडलेलं. एकाला जमिनीची घमेंड, दुसऱ्याला हस्ताक्षराची. दोघांचं वाकडं कशावरून सुरू झालं ते दोघांनाही सांगता आलं नसतं.

मी वैजापूरची. शिवण शिकायला मामाकडं शहरात आले आणि गुलमंडीतल्या एका कापडाच्या दुकानात, वरच्या माळ्यावर, ब्लाउजच्या कटिंगला लागले. तिथं कटिंग मास्तर म्हणजे पुरुषच असायचे. बायकांनी काजं करायची, हुक लावायचे, फॉल-पिको करायचं. मी म्हाताऱ्या मास्तरांच्या शेजारी उभी राहून राहून शिकले. तिरप्या कापडावर कात्री कशी चालवायची, खडूची रेघ कुठं पाळायची आणि कुठं मोडायची, सगळं. मास्तर थकले तेव्हा शेठनी टेबल माझ्या हवाली केलं. गिऱ्हाईक बायका विचारायच्या, "मास्तर कुठायत?" मी म्हणायचे, "मापं घेऊ का, मीच हाय." त्या वेळी मला जे वाटायचं ते नंतर कशानंच वाटलं नाही. लग्नानंही नाही, उगीच खोटं कशाला बोलू!

लग्नाची बोलणी झाली तेव्हा माझ्या बापानं एकच अट घातली, पोरीची नोकरी सुटू नये. आबा मिशीतल्या मिशीत हसले. "आहो, बस दारात थांबती आमच्या. बस हाय तंवर करू द्या की, आमचं काय जायलंय?" सगळे हसले आणि सुपारी फुटली. "बस हाय तंवर" हे कुणाच्या कानात शिरलं नाही. माझ्याही नाही.

बस दारात थांबायची हे मात्र खरं. आमच्याकडं खांब, पाटी असलं काही नव्हतं. रीत अशी की नवी गाडी पहिल्यांदा आली की लोक तिला ओवाळायचे, चाकाखाली लिंबू ठेवायचे, ड्रायव्हर-कंडक्टरला टोपी-टॉवेल द्यायचे. आणि ज्याच्या दारी पहिला नारळ फुटला, त्याच्याच दारी गाडी थांबायची. पहिला ड्रायव्हर दुसऱ्याला सांगायचा, दुसरा तिसऱ्याला, की झाला थांबा. लाल गाडी सुरू झाली तेव्हा कॉलनीत घरंच चार-दोन, नारळ आबांनी फोडला. सकाळी डबा घेऊन फाटक उघडलं की समोर गाडी. उतरायचं औरंगपुऱ्याला, तिथून गुलमंडी चार पावलांवर. बरीच वर्षं मी अशी गेले-आले आणि घरात कुणाचं काही बिघडलं नाही.

मग लाल गाड्या बंद झाल्या. आज येते, उद्या येते, असं करत एक दिवस आलीच नाही. परवडत नाही म्हणे. आता ठेकेदार चालवणार म्हणे. मधल्या काळात आम्ही बायका टी पॉइंटपर्यंत चालत जायचो आणि तिथून शेअर रिक्षात कोंबून घ्यायचो. आबा व्हरांड्यात बसून बघायचे. "बस तर गेली बाई. आता कसं करायचं?" असं म्हणायचे. काळजीनं नव्हे. कैरी पिकायची वाट बघावी तसं.

मी म्हटलं, नवी गाडी येतेय, थोडे दिवस.

ती आली. पण तोवर कॉलनी वाढली होती आणि पेशकारकाकांच्या मुलानं घरापुढं दुकानाचं शटर बसवलं होतं. किराणा टाकायचा होता. दारात बसचा थांबा म्हणजे दारात गिऱ्हाईक, एवढं त्यांना कळत होतं. आणि मेन रोडवरून गाडी येते तेव्हा आधी त्यांचं घर लागतं, मग आमचं, हे आबांच्या डोक्यात आलंच नव्हतं. सकाळपासून आमच्या फाटकाला तोरण, ताटात कुंकू, आबा फेटा बांधून तयार. मी डबा घेऊन त्यांच्या मागं उभी. गाडी वळणावर दिसली, हॉर्न वाजला, आणि पेशकारकाकांच्या दारात थांबली. फट् करून आवाज आला. नारळ फुटला होता.

आबांचा चेहरा मी कधी विसरणार नाही. पोटचं पोर कुणी उचलून न्यावं तसे धावले. "जिमीन माझी हाय! रस्ता माझ्या बापाच्या बांधावरनं गेलाय!" पेशकारकाका टोपी-टॉवेल देत शांतपणे म्हणाले, "सातबारा बघून या आबा. रस्ता सार्वजनिक आहे." त्यांचं ते कचेरीतलं बोलणं! त्यापेक्षा शिवी दिली असती तर बरं. आबा तरातरा घरात आले, बैठकीतली सागवानी खुर्ची उचलली, भर रस्त्यात बसपुढं टाकली आणि तिच्यावर बसले.

ड्रायव्हर बिचारा खाली उतरला. "चाचा, उठो ना. नारियल इधर फुट्या तो क्या, उधर फुट्या तो क्या, मेरेकू टैमपे औरंगपुरेकू गाडी लगाना है."

"माझ्या दारात लाव. मग उठतो."

"लावू नका," पेशकारकाका मागून म्हणाले. "पायंडा पडेल."

बसमध्ये बाया बसलेल्या, कॉलेजच्या पोरी बसलेल्या. मीही चढून बसले होते. खिडकीतून म्हटलं, "आबा, उठा की. मला उशीर व्हायलाय." त्यांनी वळूनसुद्धा पाहिलं नाही. नवरा फाटकात उभा. मी त्यांना हातानं खूण केली, उठवा आबांना. त्यांनी खांदे उडवले. कपाळ माझं! दोन दारांमध्ये अंतर किती, तर दोन घरांचं. बसचा पुढचा दरवाजा एकाकडं आणि मागचा दुसऱ्याकडं येईल एवढं.

ठेकेदाराचा माणूस मोटरसायकलवर आला. दोघांचंही ऐकून घेतलं, घाम पुसला, आणि ड्रायव्हरला म्हणाला, "काढ मागं. ही गाडी उद्यापासून टी पॉइंटवरूनच वळव. ह्यांचं मिटलं की बघू." गाडी माणसांसकट मागं मागं जात वळणापर्यंत गेली. मी आत बसून दोन्ही नारळवाल्यांना बघत होते. आबा विजयी मुद्रेनं खुर्चीवरून उठले. थांबा आपल्याला नाही तर नाही, पेशकाराला तर मिळाला नाही! नाक कापलं तरी दोन भोकं शाबूत, अशातली गत.

संध्याकाळी मी घरी आले तर आबा म्हणतात, "आता बस नाय. ठरलं व्हतं तसं."

मी पातेलं खाली आपटलं. "बस गेली नाय आबा. तुम्ही घालवली."

"सुनंनं तोंड वर करून बोलायचं नाय ह्या घरात."

"मग खाली घालून सांगते. तुम्ही घालवली."

नवरा म्हणाले, "जाऊ दे गं." आयुष्यभर त्या माणसानं एवढंच म्हटलं. जाऊ दे गं. काय काय जाऊ द्यायचं त्याला काही हद्द?

मी गप्प बसले नाही. औरंगपुऱ्याला ठेकेदाराच्या माणसाची टपरी होती, तिथं गेले. तो म्हणाला, "ताई, खुर्ची टाकली ते तुमचेच सासरे ना? दोघांना एकदा सोबत घेऊन या. थांबा इथं किंवा तिथं, एक जागा दोघांनी तोंडानं सांगायची. दुसऱ्या दिवशी गाडी सोडतो, माझा शब्द." एवढंच. सोबत यायचं आणि एक जागा सांगायची. मला वाटलं, सुटले.

आधी पेशकारकाकांकडं गेले. काकूंनी चहा दिला. काका म्हणाले, "सूनबाई, मी येईन. आबांनी आधी चारचौघांत माफी मागावी." आबांकडं आले. "त्या पेशकाराच्या शेजारी बसू? एका बाकड्यावर? मरंन पण जायचो नाय." मी पुन्हा काकांकडं. मग पुन्हा आबांकडं. शेवटी हात जोडले हो. माझ्या मास्तरांपुढं चुकून कापड फाडलं तेव्हासुद्धा जोडले नव्हते. आबा म्हणाले, "एवढी कसली नोकरी, कात्री धरायची? घरात कात्री नाय व्हय?"

तेव्हा मला कळलं, आबांना बस नकोच आहे.

मग त्यांनी जेवणाची वेळ बदलली. आधी दहाला खायचे, कुणीही वाढलं तरी चालायचं. बस गेली तसं आठला भाकरी पाहिजे, तव्यावरची पाहिजे, आणि सुनेच्याच हातची पाहिजे. म्हणजे मी लवकर निघून चालत जाईन म्हटलं तर तेही जमू नये. सासूबाईंनी एकदा भाकरी थापायला घेतली तर ताट सरकवून दिलं. मी भाकऱ्या करायचे, हात धुवायचे आणि पळत सुटायचे. टी पॉइंटवर गाडी यायची ती आधीच भरलेली. दोन सोडाव्या तेव्हा तिसरीत पाय ठेवायला जागा.

शेठ वाईट नव्हते. पावसाळाभर त्यांनी सांभाळून घेतलं. मग लग्नसराई आली. एका नवरीचे ब्लाउज सकाळी द्यायचे कबूल केले होते आणि दोन कापायचे राहिले होते. मी पोचले तेव्हा तिची आई माळ्यावर येऊन दुकान डोक्यावर घेत होती, आणि माझ्या टेबलाशी दुसराच एक मास्तर उभा होता. माझा खडू त्याच्या हातात. शेठ म्हणाले, "ताई, तुमची अडचण मला कळते. तुम्ही आता घरूनच फॉल-पिको करत जा. कपडा मी पाठवून देईन." जिनं एवढी वर्षं कात्री चालवली तिनं साडीच्या कडा मुडपायच्या! मी नाही म्हटलं. जिना उतरले. गुलमंडीच्या भर गर्दीत रडत चालले होते आणि मला लाजसुद्धा वाटली नाही.

घरी आबांना कुणी सांगायची गरज पडली नाही. दुसऱ्या दिवशी मी घरात दिसले आणि त्यांनी जेवण परत दहाला नेलं. ह्या एका गोष्टीसाठी मी त्यांना कधी माफ करणार नाही.

ठेकेदारही पुढं पळाला. लाल गाड्या परत आल्या, तर त्याही टी पॉइंटवरूनच वळायच्या. का, तर आधीचा तिथून वळवत होता. रंग बदलले, तिकिटं बदलली, पाटीवरचं शहराचं नाव बदललं, पण आधीच्याची एवढी एक गोष्ट प्रत्येक नव्यानं इमानानं पाळली. पेशकारकाकांचा किराणा चालला नाही. मग ते गेले. आबा त्यांच्या मयतीला गेले नाहीत, शेवटपर्यंत खरे वैरी.

आणि मग, वरातीमागून घोडं म्हणतात तसं, माझे केस पांढरे झाल्यावर अगदी नव्या गाड्या आल्या. कुणाला न विचारता एक इंजिनिअर आला आणि खांब रोवून गेला, दोन्ही घरांच्या बरोबर मधे. ज्यांच्या दारात रोवला त्यांना कौतुकही नाही. पहिली गाडी आली तेव्हा आबा अंथरुणाला खिळले होते. मला म्हणाले, "बघ, आणली की नाय बस? जा, बघून ये." आणली म्हणे! मी फाटकाशी गेले.

कंडक्टर पोरगी होती, खाकीतली, वेणी घातलेली. एक पाय पायरीवर ठेवून माझ्याकडं बघून हसली. "चला काकू. कुठं जायचंय?"

मी तोंड उघडलं. गुलमंडी म्हणणार होते. पण ते दुकान केव्हाच मोडून तिथं मोबाइलवाला बसला होता. दुसरं ठिकाण मला आठवेना. तिनं थोडी वाट पाहिली, मग घंटी मारली आणि गाडी गेली.

मी आत आले. आबांनी विचारलं, "काय म्हणत व्हती गं ती?"

"कुठं जायचंय, म्हणत होती."

"मग? काय सांगितलंस?"

"काय सांगू? जायचं ठिकाण तुम्ही ठेवलंत कुठं?"

त्यांनी रिमोट उचलून टीव्हीचा आवाज वाढवला. मी पुढं झाले, टीव्ही बंद केला आणि त्यांच्यासमोर खुर्ची ओढून बसले. म्हटलं, "आज ऐकायचं."